सोळा मिनिटांची वीस मिनिटे

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही मैदानावर धावायला उभे आहात. गुरुजींनी सांगितले आहे, "शिट्टी वाजेपर्यंत धावा. वीस सेकंदांत कोण किती अंतर कापतो ते बघू." तुम्ही जीव तोडून धावता. शिट्टी वाजते. गुरुजी अंतर मोजतात, मान हलवतात आणि म्हणतात, "तुझ्या पायांत दमच नाही." तुम्ही खाली मान घालून घरी जाता. आणि शिट्टी सोळाव्या सेकंदालाच वाजली होती, हे तुम्हाला कोणीही सांगत नाही.

आता डोळे उघडा. राग आला ना? मग माझी गोष्ट तुम्हाला नीट कळेल, कारण ती खोटी शिट्टी म्हणजे मीच.

मी एक जुना टायमर आहे. तळहातावर मावेल एवढा, गोल, पांढऱ्या पत्र्याचा. माझ्या तोंडावर शून्यापासून साठपर्यंत आकडे आहेत आणि मधोमध एक काळी मूठ आहे. मूठ हव्या त्या आकड्यावर फिरवली की मी टिकटिक करत उलटा शून्याकडे निघतो आणि तिथे पोचलो की खणखणीत घंटा वाजवतो. मला सेल लागत नाही, वीज लागत नाही. माझ्या पोटात एक छोटे चाक डावीकडे उजवीकडे झुलत असते आणि केसासारखी बारीक, जिलेबीच्या वेटोळ्यांसारखी गुंडाळलेली एक स्प्रिंग त्याला ठेक्यात ठेवते. ती स्प्रिंग म्हणजे माझा प्राण.

माझी उमेदीची वर्षे एका पावाच्या भट्टीत गेली. तिथे एक तरुण कारागीर होता. पहाटे तो भट्टीत ट्रे सरकवायचा, माझी मूठ पंचवीसवर फिरवायचा आणि बिनघोर पुढचे पीठ मळायला लागायचा. माझी घंटा वाजली की ट्रे बाहेर. पाव कधी कच्चा राहिला नाही, कधी करपला नाही. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे दोघेच शब्दाचे पक्के. एक हा कारागीर आणि दुसरा हा टायमर." ते ऐकून मी आणखी तोऱ्यात टिकटिक करायचो. पुढे कारागिराचे केस पिकले, भट्टीत विजेची मोठी यंत्रे आली, आणि निरोपाच्या दिवशी मालकाने मला उचलून त्याच्या हातावर ठेवले. "घेऊन जा याला. तुमची जोडी फोडायची नाही मला."

असा मी त्यांच्या घरी आलो. त्या घरात त्यांना सगळे आजोबा किंवा बाबा म्हणत. माझी जागा शेगडीच्या वरच्या फळीवर ठरली. बटाटे उकडायचे असले की मला फिरवायचे, एरवी मी वाफ आणि धूर खात बसायचो. तक्रार नव्हती. पण वर्षे गेली तशी माझी मूठ फिरवताना करकरू लागली. आजोबांना ती करकर सहन होईना. भट्टीचे दार करकरले की ते काय करायचे? तेल द्यायचे. म्हणून त्यांनी मलाही दिले, पावाच्या साच्यांना लावायचे तेल, चांगले चमचाभर! पाठीमागच्या भोकातून सरळ माझ्या पोटात. "घे बाबा, तूही म्हातारा झालास," असे प्रेमाने म्हणत.

प्रेमाने केलेल्या चुकीवर रागावणे फार अवघड असते. तरी मी रागावतो. अहो, एकदा मागचे झाकण उघडून बघायचे तरी! दोन महिन्यांत ते तेल चिकट झाले आणि माझ्या केसाएवढ्या स्प्रिंगची दोन वेटोळी एकमेकांना चिकटली. स्प्रिंग आखूड झाली. आखूड दोरीचा झोका कसा भराभर हलतो, ते तुम्ही पाहिले असेल. माझे चाक तसेच भराभर झुलू लागले. माझी वीस मिनिटे सोळा मिनिटांत संपू लागली. मला आतून कळत होते, पण सांगणार कसे? मला देवाने तोंडावर आकडे दिले, जीभ दिली नाही. आणि बटाट्यांना चार मिनिटांचे काय? कच्चे लागले तर आजोबा म्हणायचे, "हल्लीचे बटाटेच असले." मी बिघडलो आणि बोल लागला बटाट्यांना. त्या वेळी मला हसू आले होते. पुढे काय होणार आहे हे माहीत असते, तर हसलो नसतो.

आजोबांच्या धाकट्या मुलीने बँकेची परीक्षा द्यायची ठरवली. ती सकाळी एका चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि दुपारनंतर अभ्यासाला बसायची. वयाच्या अटीमुळे यंदाची परीक्षा तिची शेवटची होती. इतर विषयांची तिला भीती नव्हती. खरी कसोटी गणिताच्या विभागाची. पस्तीस प्रश्न आणि वेळ फक्त वीस मिनिटे. एक उत्तर चुकले की मिळालेल्या गुणांतून पाव गुण कापायचा. म्हणजे हळू गेलात तर मागे पडलात, आणि घाईने ठोकून दिलेत तर खड्ड्यात पडलात.

घरात तिची दहा वर्षांची भाची राहायची. आई दुसऱ्या गावी रुग्णालयात नोकरीला, म्हणून ही आजोळी. एका जागी पाच मिनिटे टिकत नसे, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी. पण मावशी अभ्यासाला बसली की भिंगरीही उठत-बसत समोर असायची.

पहिल्याच दिवशी मावशीने मोबाइल डाळीच्या रिकाम्या डब्यात बंद केला. "हा समोर असला की माझं मन त्याच्यातच. भिंगरे, वेळ कशावर लावायचा?"

भिंगरी स्टुलावर चढली आणि तिने मला फळीवरून खाली काढले. "हा घे. आजोबांचा भरवशाचा माणूस."

भरवशाचा! मला त्या क्षणी जमिनीत गाडून घ्यावेसे वाटले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज दुपारी तोच क्रम. भिंगरी मला वीसवर फिरवायची, मावशी पेन्सिल उचलायची. शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, तक्ते आणि आलेख. मावशीचे गणित साफ होते. मांडणी अशी सुरेख, की वाचणाऱ्याला उत्तर आधीच दिसावे. भिंगरीलाही ती येता-जाता शिकवायची.

"तीनशे चाळीसचे पंधरा टक्के किती?"

"कागद दे."

"कागद कशाला? दहा टक्के किती?"

"चौतीस."

"पाच टक्के म्हणजे त्याच्या निम्मे."

"सतरा. म्हणजे एक्कावन्न! एवढंच? मग शाळेत बाई फळा भरून का लिहितात?"

"फळा भरला नाही तर तुम्ही गप्प कसे बसणार?"

अशा हसणाऱ्या माणसांच्या मध्ये मी बसलेलो असायचो, आणि चार मिनिटे आधीच घंटा ठोकायचो. मावशी दचकायची, सोडवलेले प्रश्न मोजायची आणि टेबलामागच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आकडा लिहायची. एकोणीस. वीस. एकवीस. पुन्हा वीस. महिना उलटला, दोन उलटले, तरी आकडा तिथेच घोटाळत राहिला. मग तिची मांडणी बिघडू लागली. तक्त्यांचे प्रश्न ती वाचायच्या आधीच सोडून देऊ लागली. "हे माझ्या आवाक्यातले नाहीत," असे म्हणायची. अंदाजाने उत्तरे ठोकू लागली आणि जे येत होते तेही चुकू लागले.

मला सर्वांत जास्त चीड आली ती एका दुपारी. त्या दिवशी घड्याळांची गणिते होती. मावशीने मोठ्याने वाचले, "एक घड्याळ दर तासाला पंधरा मिनिटे पुढे पळते. सकाळी आठ वाजता ते बरोबर लावले. खरे दहा वाजतील तेव्हा ते किती वाजले दाखवील?" तिने कागदावर एक ओळ लिहिली आणि चाळीस सेकंदांच्या आत सांगून टाकले, "साडेदहा."

भिंगरी खिदळली. "असलं येडं घड्याळ घरात कोण ठेवेल?"

"पुस्तकवाले ठेवतात. आपल्याला छळायला."

दोघी हसत होत्या, आणि ते येडे घड्याळ त्यांच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर टिकटिकत होते! साठ मिनिटांची पंचाहत्तर करणारे ते घड्याळ मीच होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पुस्तकातले बिघडलेले घड्याळ चाळीस सेकंदांत ओळखणारी हुशार माणसे टेबलावरच्या घड्याळाकडे एकदाही संशयाने बघत नाहीत!

बरे, पुरावा नव्हता असेही नाही. महिन्यातून एकदा मावशी चौकातल्या इंटरनेट केंद्रात जाऊन संगणकावर सराव परीक्षा द्यायची. तिथले घड्याळ खरे होते. तिथे ती एकदा सव्वीस प्रश्न सोडवून आली, एकदा सत्तावीस.

"मग चांगलं झालं की!" आजोबा म्हणाले.

"तिथले पेपर सोपे असतात, बाबा. माझी लायकी मला घरी कळते."

ऐकलेत? चांगला आकडा आला तर पेपर सोपा, आणि वाईट आला तर आपण ढ. हा कुठला न्याय?

मावशीचा मोठा भाऊ, म्हणजे भिंगरीचा मामा, दर रविवारी यायचा. मनाने वाईट नव्हता; बहिणीची काळजी त्याला होती. पण त्याच्या काळजीला काटे होते. दिनदर्शिकेवरचे आकडे तो दारातूनच वाचायचा.

"काय गं, गाडी अजून विशीतच अडकलीय?"

"येईल हळूहळू, दादा."

"हळूहळूच तर नकोय त्यांना! गणित मुळात अंगात असावं लागतं. माझ्या मित्राच्या गोदामात जागा आहे, खोक्यांवर पत्त्याच्या पट्ट्या लावायच्या. सावलीतलं काम. तो किती दिवस थांबेल?"

पट्ट्या लावण्याच्या कामात कमीपणा काहीच नाही. मी स्वतः बटाट्यांची चाकरी केली आहे. पण माणसाने ते काम स्वतः निवडून करावे. दुसऱ्याच्या बिघडलेल्या टायमरने त्याला तिकडे हाकलू नये.

परीक्षेला तीन आठवडे उरले, आणि मामा निकाल लावायच्याच तयारीने आला. "आज एक घाव दोन तुकडे करू. मित्राला बारा वाजता फोन करायचाय. वीस मिनिटांत पंचवीस प्रश्न सोडव, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर उद्यापासून गोदाम. कबूल?"

मावशीने पेपर पुढ्यात ओढला. "कबूल."

"अरे, पोरीला चहा तरी घेऊ दे," आजोबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. तिथे त्यांचा रेडिओ चालू होता. भिंतीवरचे घड्याळ ते रोज अकराच्या बातम्यांच्या ठोक्याला लावून घेत.

"चहा नंतर. भिंगरे, लाव," मामा म्हणाला.

रेडिओवर अकराचा ठोका पडला, बातम्या सुरू झाल्या आणि भिंगरीने मला वीसवर फिरवले.

मित्रांनो, त्या दिवशी मी स्वतःला थांबवायचा किती प्रयत्न केला! पण यंत्राला मनाप्रमाणे चालता येत नाही. मावशी मात्र त्या दिवशी जुन्यासारखी सोडवत होती. न घाबरता, नीट मांडून. दहा झाले. पंधरा झाले. तिने एक तक्ताही उलगडला आणि त्यावरचे सगळे प्रश्न संपवले. बाहेर बातम्या संपल्या, एक गाणे लागले. मावशीने तेविसावा प्रश्न वाचायला घेतला, आणि मी घंटा वाजवली.

मामाने मोजले. "बावीस."

"तेविसावा अर्धा झाला होता, दादा."

"अर्ध्या उत्तराला बँक अर्धी खुर्ची देत नाही."

मावशीने पेन्सिल ठेवली, पुस्तके एकावर एक रचली आणि ती भांडी घासायला उठली. नळ तिने जरा जास्तच मोठा सोडला. रडू लपवायचे असले की मोठी माणसे नळ मोठा सोडतात.

भिंगरी मात्र जागची हलली नव्हती. तिची मान बाहेरच्या खोलीकडे वळलेली होती.

"आजोबा, बातम्या किती वेळ असतात?"

"पंधरा मिनिटं. रोज सव्वाअकराला संपतात. का गं?"

"मग हे गाणं तर आत्ता लागलं. अजून पहिलं कडवंच चाललंय."

"भिंगरे, मोठ्यांच्या मध्ये गाणी-बिणी काय?" मामा खेकसला. "जा, खेळ जा."

ती उठली खरी, पण खेळायला गेली नाही. मला उचलून तिने थेट भिंतीवरच्या घड्याळाखाली नेले. मोठा काटा चारच्या आकड्यावर येईपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली आणि तो येताच तिने मला वीसवर फिरवले. मग मांडी घालून खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती सलग सोळा मिनिटे एका जागी बसली असेल! मामाने दोनदा हाक मारली. तिने नजर काट्यावरून हलवली नाही.

मी वाजलो तेव्हा मोठा काटा सातच्या पुढे एकच घर गेला होता.

"मावशीऽऽ! नळ बंद कर आणि इकडे ये! हा खोटारडा आहे!"

खोटारडा म्हणाली मला. आणि मला इतका आनंद आयुष्यात कधीच झाला नव्हता.

"ते भिंतीवरचं घड्याळच मंद असेल," मामा म्हणाला.

"अकराच्या ठोक्याला मी स्वतः बघितलं, काटा बरोबर होता," आजोबा म्हणाले. त्यांनी मला हातात घेतले, उलटे केले, पाठीमागच्या भोकाला नाक लावले आणि त्यांचा चेहरा पडला. "साच्याचं तेल. हे माझं काम, पोरी. मीच याला तेल पाजलं. आणि वर त्यालाच तुझ्यासमोर न्यायाधीश म्हणून बसू दिलं."

मावशी ओल्या हातांनीच कागदावर लिहीत होती. "सोळा मिनिटांत बावीस. चार मिनिटांत साडेपाच. म्हणजे वीस मिनिटांत..." तिने बेरीज केली. "साडेसत्तावीस. बाबा, केंद्रातला पेपर सोपा नव्हता."

"बरं, बरं," मामा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता, पण हेका सुटला नव्हता. "कागदावर कोणीही साडेसत्तावीस काढेल. सोळा काय नि वीस काय! चार मिनिटांत असा काय मोठा डोंगर हलतो? आणि घाईत सराव झाला, तर बरंच झालं की."

मित्रांनो, हे वाक्य ऐकून माझी घंटा न फिरवताच वाजायची बाकी राहिली होती! बरे झाले? दोन महिने एक शहाणी बाई स्वतःला ढ समजत राहिली, येणारी गणिते सोडून देत राहिली, हे बरे झाले? भीती म्हणजे सराव नव्हे. माणसाला मोजायला सगळेच उत्सुक असतात. ज्या मापाने मोजायचे ते माप कोणीच मोजून बघत नाही. तुमच्या घरी तराजू असेल, पट्टी असेल, घड्याळ असेल. त्यांची निगा राखा, पण आधी त्यांची रचना समजून घ्या. नुसते प्रेमाने तेल ओतू नका. आणि उद्या कोणी तुम्हाला "तू कमी पडलास" म्हणाले, तर रडायला बसण्याआधी एकदा विचारा, मला कशाने मोजले? विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि मोजमाप खरे निघाले आणि कमतरता आपलीच ठरली, तर मात्र मुकाट्याने पेन्सिल उचला.

भिंगरीने स्टूल ओढले, त्यावर चढून भिंतीवरचे घड्याळ काढले आणि ते पोटाशी धरून स्वयंपाकघरात आली. रचलेल्या पुस्तकांतून तिने मघाचाच पेपर उपसून काढला, टेबलावर पसरला आणि तेविसाव्या प्रश्नावर बोट ठेवले.

"मावशी, बस. तुझी चार मिनिटं राहिलीत."

मावशी बसली. मामा काहीतरी बोलायला गेला, पण आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भिंगरीने सेकंदकाटा बारावर येऊ दिला आणि म्हणाली, "सुरू."

तेविसावा. चोविसावा. खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज होता. तिसरे मिनिट सरत असताना मावशीने पंचविसाव्या प्रश्नाच्या उत्तराला गोल केला. मामाने हातातला मोबाइल खिशात टाकला आणि भिंगरीकडे बघितले. आता ती ओरडणार, नाचणार, असे त्याला वाटले असावे.

भिंगरी हूं की चूं करीना. घड्याळ तसेच पोटाशी धरून, डोळे काट्यावर रोवून ती उभी राहिली आणि उरलेले शेवटचे मिनिटही तिने मावशीला पुरेपूर साठ सेकंदांचे मोजून दिले.